कप्तान मृगाची किंकाळी

"ताई, तुम्ही आगीत जळून मरताय. शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून हळूच मरताय असं वाटतंय," रेकॉर्डिंग घेणारा ऋतुराज काचेपलीकडून म्हणाला.

योगिनी ओशाळली. खोपटच्या एसटी डेपोमागच्या त्या स्टुडिओत मोबाइलवर ऐकायची अंतराळातली साहसकथा रेकॉर्ड होत होती आणि कप्तान मृगा तिच्या वाट्याला आली होती. यानाला आग लागते, बाकीच्यांना वाचवायला मृगा इंजिनच्या खोलीत स्वतःला कोंडून घेते आणि शेवटी "दार उघडा" असं किंचाळत मरते. योगिनीचा आवाज खणखणीत, संवाद चोख. किंकाळी तेवढी घशात अडायची. अडेल नाही तर काय! लग्न झाल्यापासून नवऱ्याचा, साईनाथचा मार ती ओढणीचा बोळा तोंडात कोंबून खात आली होती. चाळीत शोभा नको म्हणून. मेली ती अब्रू, तिला सांभाळायला हीच सापडली होती.

शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर मृगा क्षिप्राला, तिथल्याच दुसऱ्या एका आवाजाला जाणार, असं ऋतुराजने सांगितलं. स्वतःचं म्हणावं असं योगिनीकडे एवढं एकच होतं.

कळव्याला परतल्यावर तिने घरोघरी जाऊन सांगितलं, की मी दुपारची ओरडायची प्रॅक्टिस करणार आहे, घाबरू नका, धावत येऊ नका. सगळ्यांना गंमत वाटली. शेजारच्या गोदूबाईने, मासळी विकून घसा कमावलेल्या म्हातारीने, तर शिकवणीच घेतली. भिंतीपलीकडून म्हणायची, टोपलीतला निवटासुद्धा याच्यापेक्षा जास्त तडफडतो. गुरुवारी दुपारी किंकाळी सुटली. आख्ख्या चाळीने टाळ्या वाजवल्या आणि योगिनी कित्येक वर्षांनी पोट धरून हसली.

दिवेलागणीला साईनाथ आला तो डोक्यात राख घालूनच. पानाच्या टपरीवर कोणीतरी त्याला विचारलं होतं, बायको फार ओरडते म्हणे. त्याने दाराला कडी घातली, तिचे केस धरले आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. दात तुटला. खाली पडली तशी पोटात लाथ बसली. मग लाटणं, मनगटावर, पाठीवर, जिथे बसेल तिथे. सवयीने तिने ओढणी चाचपली आणि सोडून दिली. आता तिला ओरडता येत होतं.

हे खरं आहे, असं तिला सांगायचं होतं. पण तोंड रक्ताने भरलं होतं, जिभेवर बसलेले दोनच शब्द बाहेर आले.

"दार उघडा!"

भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. "आता कशी बरोबर मेलीस गो," गोदूबाई म्हणाली.

साईनाथ क्षणभर थबकला. मग त्याला हसू फुटलं. "ओरड अजून," म्हणाला आणि त्याने लाटणं पुन्हा उचललं.

सकाळी साईनाथ बाहेर पडल्यावर गोदूबाई कौतुकाने जवळ्याची वाटी घेऊन आली. योगिनीचा एक डोळा सुजून मिटला होता, ओठ फाटला होता. म्हातारी उंबऱ्यातच मटकन बसली.

"मी टाल्या वाजवल्या गो," एवढंच परत परत म्हणत राहिली.

मग उठून म्हणाली, आधी पोलिसात चल. योगिनीने सांगितलं, आधी मृगा, मग पोलीस. गोदूबाईने वाटी तिथेच ठेवली आणि तिच्याबरोबर रिक्षात बसली.

तिचं तोंड बघून ऋतुराज म्हणाला, आज राहू दे, तुमचा रोल कुठे जात नाही. तिने ऐकलं नाही. गोदूबाईला त्याने आपल्या शेजारी खुर्ची दिली, तिथे स्पीकरवर आतलं सगळं ऐकू यायचं. लाल दिवा लागला. मृगाने स्वतःला कोंडून घेतलं, आग भडकली आणि किंकाळी आली. "दार उघडा!"

खुर्ची धाडकन पडली. कोणाला काही कळायच्या आत गोदूबाईने रेकॉर्डिंगच्या खोलीचं जड दार दोन्ही हातांनी ओढून सताड उघडलं होतं. टेक वाया गेला. ऋतुराजने कपाळाला हात लावला. म्हातारी दाराची मूठ घट्ट धरून धापा टाकत उभी होती, दार सोडायला तयार नव्हती.

"राहू दे मावशी, परत घेतील ते," असं म्हणता म्हणता योगिनी मोठ्याने रडायला लागली. ओढणी तिच्या खांद्यावर तशीच होती.