चाळीस चुका

छापखान्यात माझ्या पाठीमागे मला 'काना-मात्रा' म्हणतात. म्हणोत बापडे. एकतीस वर्षं मी मुद्रितं तपासतोय आणि माझ्या हातून चूक सुटली असं म्हणणारा अजून जन्माला यायचाय, असं मी गेल्या गुरुवारपर्यंत छातीठोकपणे सांगत होतो.

खरं तर ते काम आम्हा दोघांचं होतं. बायको मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, मी समोरच्या खुर्चीत बसून मुद्रितावर पेन्सिल चालवायचो. ती स्वल्पविरामसुद्धा वाचायची. "पूर्णविराम, नवा परिच्छेद, आणि तुमचा चहा गार होतोय," हे सगळं एका दमात. शीर्षकं, सूचना, पानांचे आकडे तिच्याच तोंडून कळायचे. माझी नजर वाक्यांवरून हलायचीच नाही.

ती जाऊन आठ महिने झाले. "आता वाचायला कोण?" असं मालकांनी तेव्हा विचारलं होतं. "डोळे शाबूत आहेत की," म्हणून मी वेळ मारून नेली. हे काम गेलं तर माझ्या दाराची बेल वाजवायला कुणी येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मंगळवारी शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकाची मुद्रितं आली. सर्वनामांचा धडा. पहिलंच वाक्य, 'ताई दमली होती, म्हणून तो झोपली.' पुढे, 'आजोबा, तू बसा.' त्याखाली, 'मला उद्या गावाला जाईन.' माझं डोकंच फिरलं. मूळ प्रतीतही तेच! चाळीस वाक्यं आणि एकही धड नाही. मी पेन्सिल टाकून लाल पेन घेतलं आणि 'तो' खोडून 'ती', 'तू' खोडून 'तुम्ही', 'मला' खोडून 'मी', असा सगळ्यांचा समाचार घेतला. समासात शेराही मारला : 'लेखकास आधी सर्वनामे शिकवावीत.' त्या दिवशी मी आठ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवलो.

गुरुवारी दुपारी मालक स्वतः आले. माझे दोन जिने ते आजवर कधी चढले नव्हते. त्यांनी मूळ प्रत आणि मुद्रितं टेबलावर ठेवली आणि सगळ्यांत वरच्या ओळीवर बोट टेकवलं.

"काका, एवढं जरा मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. "खालील प्रत्येक वाक्यात सर्वनामाची एक चूक आहे. ती शोधून वाक्य पुन्हा लिहा."

"आता पोरांनी काय शोधायचं? तुम्ही तर सगळा अभ्यासच करून टाकलात!"

ते हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? मग माझी नजर समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे गेली आणि हसू तिथंच विरलं.

"ती असती तर तिनं ही ओळ आधी वाचली असती," मी म्हणालो.

मालकांनी पानावरचं बोट उचललं. मग हळूच म्हणाले, "काका, खूप झालं. आता आराम करा."

हेच वाक्य मी आठ महिने टाळत आलो होतो.

"वाचायला माणूस मिळालंय," मी घाईनं म्हणालो. "आजपासूनच येणार आहे. पानं ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, त्या खुर्चीकडे पाहिलं. पानं तशीच टेबलावर ठेवून ते जिना उतरले.

मी चहा केला. मूळ प्रत घेतली आणि तिच्या खुर्चीत बसलो. आठ महिन्यांत त्या खुर्चीला मी हात लावला नव्हता. "ताई दमली होती स्वल्पविराम म्हणून तो झोपली पूर्णविराम," मी मोठ्यानं वाचलं. मग उठलो, टेबलाला वळसा घालून माझ्या खुर्चीत आलो आणि खोडलेल्या 'तो'खाली टिंबं दिली. खोडलेला शब्द आहे तसाच राहू द्यायचा असला की आम्ही अशी टिंबं देतो. पुन्हा उठलो, पुन्हा तिकडे गेलो.

अशा चाळीस फेऱ्या झाल्या. गुडघे बोलायला लागले. समासातला शेराही खोडला, त्याखाली टिंबं दिली नाहीत.

शेवटचं वाक्य तिच्या खुर्चीत बसून वाचलं. "पूर्णविराम," मी म्हणालो आणि सवयीनं थांबलो. ती पुढे काही बोलेल म्हणून बराच वेळ तसाच थांबून राहिलो.

टेबलापलीकडे माझा चहा गार झाला होता.