चौथा माणूस

द्वारकाबाईंनी लुगड्याचा ओचा कमरेला घट्ट खोचला, चाकाच्या मधल्या लोखंडी उंचवट्यावर पाय दिला आणि कोणाचा हात न धरता त्या ट्रकच्या केबिनमध्ये चढल्या. मांडीवर फराळाची पिशवी घेऊन त्या दाराशी बसल्या. मध्ये त्यांचे यजमान कारभारी, आणि पलीकडे स्टेअरिंगवर लासूर स्टेशनचा मजीद.

चाळीसगावला बहिणीकडे जायचंय, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं. ते खोटं नव्हतं. सारजाबाईला दिवाळीचा फराळ द्यायचा होताच. पण एस.टी. सोडून रुईच्या गाठींनी लादलेल्या ट्रकमधून त्या निघाल्या होत्या, त्याचं कारण वेगळं होतं. तीन माणसं नापास का झाली, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली त्याच्या दुसऱ्या वर्षी कारभारी ड्रायव्हर म्हणून ट्रकवर चढले. त्याला आता वीस वर्षं होत आली होती. इंदूर, आग्रा, कलकत्ता. घरी महिन्यातून चार-पाच दिवस. यंदा आषाढात परत येताना शिवपुरीच्या अलीकडे त्यांचा डावा गुडघा क्लचवर अडकला आणि गाडी एका बैलगाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. बैलगाडीत एक बाई होती, कडेवर मूल होतं. हे त्यांनी फक्त द्वारकाबाईंना सांगितलं, तेही जेवताना, ताटाकडे बघत. दुसऱ्या दिवशी गाडीचे मालक आप्पासाहेबांकडे जाऊन, मी आता उतरतो, एवढंच बोलले.

आप्पासाहेब वाईट माणूस नव्हते. पण कपाशीचा हंगाम तोंडावर आला होता. दिवाळीपर्यंत तुझ्या जागी माणूस दे आणि सुखानं जा, नाही मिळाला तर होळीपर्यंत थांब, असं त्यांनी सांगितलं. कारभारींना ते रास्त वाटलं. फकिरा नावाच्या ड्रायव्हरनं काम सोडताना कांद्यानं भरलेली गाडी अकोल्याजवळ एका धाब्यावर उभी केली होती, चावी पानवाल्याकडे ठेवली होती आणि एस.टी. धरून तो घरी आला होता. कांदा तिथंच कुजला. त्या गोष्टीचा कारभारींना इतका राग होता की फकिराच्या घरचं पाणीही ते पीत नसत.

माणूस द्यायचा म्हणजे कन्नडचा घाट भरल्या गाडीनं उतरवून दाखवणारा द्यायचा, असं कारभारींनीच ठरवलं. पहिला आला तो गिअर ओरबाडतो म्हणून परत गेला. दुसरा चालवताना फार बोलत होता. तिसऱ्यानं म्हणे डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल केलं, त्याला तर घाटातच खाली उतरवला. दिवाळी पाच दिवसांवर आली होती. मजीद हा चौथा. हा गेला की होळीपर्यंत तोच गुडघा आणि तोच क्लच.

दौलताबादच्या किल्ल्याच्या वेशीपाशी द्वारकाबाईंना पहिलं उत्तर मिळालं. गाठी उंच रचलेल्या, कमान अरुंद. मजीदनं वेग कमी केला, गाडी मधोमध घेतली. तेवढ्यात कारभारी पुढं वाकले आणि डावं घे, डावं, आता सरळ, थांब, असं एका दमात म्हणाले. त्यांचा हात गिअरच्या दांड्याकडे गेला. मजीद गोंधळला. गाडी आचका देऊन कमानीखाली बंद पडली. मागून एस.टी.चा भोंगा वाजू लागला.

"असं चालवतेत का?" कारभारी म्हणाले.

मजीदनं गाडी पुन्हा सुरू केली. कमानीपासून गाडी चांगली हातभर लांब होती, हे द्वारकाबाईंनी मान बाहेर काढून पाहिलं.

वेरूळपर्यंत तेच चाललं होतं. कारभारींचा उजवा पाय रिकाम्या पत्र्यावर ब्रेक दाबत होता. एखादी म्हैस दिसली की तिच्या मालकाच्याही आधी ते ओरडत होते. मजीदच्या कपाळावर घाम साचत चालला होता, आणि जो माणूस सकाळी मोंढ्याच्या बाजारगर्दीतून गाडी मागं घेताना कुणाकडं बघतही नव्हता, त्याचे हात आता प्रत्येक वळणावर थबकत होते.

घाटाच्या तोंडाशी सगळ्याच गाड्या थांबत. तिथं एक शेंदूर फासलेला दगड होता. ड्रायव्हर कोणत्याही धर्माचा असो, तिथं उतरून गाडीभोवती एक फेरी मारायचीच, हा रिवाज होता. मजीद उतरला. त्यानं दोर ओढून पाहिले, टायर ठोकले, पालथा हात धरून चाकं तापली आहेत का ते पाहिलं. फेरी पूर्ण करून तो डाव्या दाराशी येऊन उभा राहिला. त्याच्या हातात चावी होती.

"उस्ताद," तो म्हणाला, "मी गाडी चालवीन, नाय तर तुमचं ऐकीन. दोन्ही एकदम माझ्याच्यानं नाय होत. घ्या, तुम्हीच न्या खाली."

त्यात उद्धटपणा नव्हता. द्वारकाबाईंनी पाहिलं, कारभारींचा हात चावीकडे लगेच गेला. ते उतरण्यासाठी सरकले आणि गुडघा दुमडताना त्यांनी नकळत समोरच्या पत्र्याची कड घट्ट धरली.

द्वारकाबाई दारातून हलल्या नाहीत.

"बसा," त्या म्हणाल्या.

"अगं, उतरू दे."

"वीस वर्षं झाली, या घाटाच्या गोष्टी ऐकतीय मी. सारजाच्या लग्नाला बैलगाडीतनं घाट उतरले तवा मी डोळे मिटून बसले होते. आज मला दाखवा. मजीदभाऊ गाडी चालवंल, तुम्ही मला सांगा."

द्वारकाबाईंनी कारभारींना दाराकडे सरकायला लावलं आणि स्वतः मधल्या जागेवर बसल्या. परक्या माणसाशेजारी असं बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. मजीदच्या आणि आपल्या मध्ये त्यांनी फराळाची पिशवी ठेवली. आता कारभारींचा हात गिअरपर्यंत पोचत नव्हता.

"चला भाऊ," त्या म्हणाल्या. मजीद पलीकडून चढला.

पहिल्या वळणावर कारभारी गप्पच होते. दुसऱ्या वळणाच्या आधी द्वारकाबाईंनी विचारलं की इथला कठडा कशानं तुटलाय. मग ते बोलू लागले. आधी तुटक, मग सविस्तर. हा कठडा अठ्ठावन्न साली एका तांदळाच्या गाडीनं तोडला. तो ड्रायव्हर ब्रेकवर भिस्त ठेवून उतरत होता. इथं आधीपासून दुसऱ्या गिअरमध्ये असायला पाहिजे, इंजिननं गाडी धरायला पाहिजे. इथून रस्ता बाहेरच्या अंगाला कलतो, म्हणून डोंगराला चिकटून राहायचं. इथं खालून चढणारी गाडी दिसत नाही, पण तिचा धूर दिसतो, तो बघायचा आणि चढणाऱ्याला वाट द्यायची. ते सगळं बायकोला सांगत होते. पलीकडे मजीद मान न वळवता ऐकत होता, आणि शब्द संपण्याच्या आत त्याचा हात ते करून मोकळा होत होता.

पाचव्या वळणापाशी कारभारी म्हणाले, "आता हितं बघ..." आणि थांबले. गिअर आधीच पडला होता. आवाज न करता, लोण्यात सुरी जावी तसा.

सहाव्याला त्यांनी अर्धंच वाक्य सुरू केलं. सातव्याला काहीच नाही. त्यांचा उजवा पाय पत्र्यावर सैल पडला होता.

"ते खाली पांढरं काय चमकतंय?" कारभारींनी विचारलं.

"तळं असंल. तुम्हाला ठाव असंल की."

"मी कधी बघितलंच नाय," कारभारी म्हणाले.

ते दरीकडे बघत राहिले. खाली खानदेशचा मुलूख पसरला होता. द्वारकाबाईंच्या लहानपणी तो इंग्रजांचा मुलूख होता, आणि इकडं वर निजामाचा. सारजाला तिकडं दिली तेव्हा आई म्हणाली होती की पोर दुसऱ्या राज्यात गेली. ही आठवण त्या सांगणार होत्या. त्यांनी वळून पाहिलं आणि तोंड मिटलं.

कारभारींचं डोकं दाराच्या चौकटीला टेकलं होतं. टोपी सरकून कपाळावर आली होती. ते गाढ झोपले होते. अजून चार वळणं बाकी होती, मागं गाठींचं ओझं होतं, आणि स्टेअरिंगवर दुसरा माणूस होता.

मजीदनंही एकदा पाहिलं. त्याची पाठ सकाळपासून पहिल्यांदाच सीटला टेकली. उरलेली वळणं त्यानं अशी काढली की पिशवीतल्या करंज्यांचा डबादेखील हलला नाही.

चाळीसगावच्या जकात नाक्यावर कारकून वही घेऊन खिडकीपाशी आला. ही गाडी तो किती वर्षं ओळखत होता. त्यानं आत डोकावून आधी मजीदकडे, मग मधे बसलेल्या बाईकडे, आणि शेवटी दाराशी घोरणाऱ्या माणसाकडे बघितलं.

"काय हो, कारभारी झोपले?" तो हसत म्हणाला. "मग गाडी कोणाची लिहू? ड्रायव्हर कोण?"

मजीदनं द्वारकाबाईंकडे पाहिलं.

"ड्रायव्हर हा," त्या म्हणाल्या. "मजीद. नीट लिहा, आता रोज येणार आहे."

"आणि हे?"

द्वारकाबाईंनी नवऱ्याची घसरलेली टोपी सावकाश सरळ केली.

"हे माझ्यासंगं आलेत," त्या म्हणाल्या. "बहिणीकडं चाललोय आम्ही, दिवाळीला."