आधी शिवण, मग आकडा

सुनेची एक खोड सासूबाईंना मुळीच खपत नसे. कुणी कामाचं मोल विचारलं की ही खाली मान घालून म्हणायची, “द्याल ते.” महिन्यापूर्वी एका कपड्यांच्या कारखान्यात मुलाखतीला गेली, तिथंही पगाराचं विचारल्यावर हेच बोलली. त्यांनी नवशिक्या पोरीचा पगार देऊ केला. बारा वर्षं कात्री चालवलेल्या बाईला! सासूबाईंनी दोन दिवस भांड्यांवर राग काढला आणि ती नोकरी तिला घेऊ दिली नाही.

पण नोकरी तर हवीच होती. मुलगा गेल्यापासून घर दोघींच्या शिवणकामावर चालत होतं, आणि आता सासूबाईंना सुईत दोरा ओवता येईना.

दुसऱ्या कारखान्याचं बोलावणं आलं तेव्हा त्यांनी तालीमच घेतली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून स्वतः साहेब झाल्या. सून अडखळली की साहेब सासूच्या भाषेत बोलायचा. शेवटी आकडा ठरला आणि तिच्याकडून दहादा वदवून घेतला.

मुलाखतीला त्या बरोबर गेल्या. अर्धवट उघड्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या, कान मात्र आत. मॅनेजरने कापडाचं, मापांचं विचारलं. सून बरी बोलली. मग तो प्रश्न आलाच. पगाराची अपेक्षा काय?

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. झालं, आता म्हणणार, द्याल ते.

“आधी तुमचं काम दाखवा,” सून म्हणाली.

सासूबाईंनी खाडकन डोळे उघडले. ही तर त्यांची स्वतःची रीत. दुरुस्तीला आलेला कपडा उलटा करून आतली शिवण पाहिल्याशिवाय त्यांनी जन्मात कुणाला भाव सांगितला नव्हता. तालमीत मात्र हे शिकवायचं त्यांना सुचलंच नव्हतं. पोरगी इतकी वर्षं शेजारी बसून बघत होती तर.

मॅनेजरने एक कोट पुढे केला. सुनेने तो उलटा केला, खांद्याच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, की बाही ओढतेय. शिवणारीचा दोष नाही, कापतानाच चुकलंय. मॅनेजरने कबूल केलं, की गेल्या महिन्यात असे बरेच कोट परत आले होते. मग तिने आकडा सांगितला. ठरलेल्याच्या सव्वापट. आणि कोट परत सुलटा केला.

तो घासाघीस करू लागला. ती घरी ठरलेल्या आकड्यावर उतरली, पण बदल्यात गुरुवारी दुपारची सुट्टी मागितली.

“सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचं असतं. माझ्या हातात कात्री त्यांनीच दिली.”

मॅनेजरने मान डोलावली.

बाहेर आल्यावर सून घाबरत घाबरत सासूबाईंच्या तोंडाकडे बघू लागली. त्यांना पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, म्हणून त्यांनी तिचा दंड धरला. एरवी त्या कुणाचा आधार घेत नसत. पायऱ्या संपल्या तरी त्यांनी हात सोडला नाही.

“भाव करण्यात तू अजून कच्चीच,” त्या म्हणाल्या. “एका दुपारसाठी एवढा आकडा सोडतात होय? पण सून कशी हवी असं मला कुणी विचारलं असतं ना, तर मी भलतंच काहीतरी मागून बसले असते. बरं झालं बाई, दिलं ते घेतलं.”