चौथ्या मशीनचं नाव

मोखाड्याच्या बाजारपेठेतल्या चंद्रकला मॅडमच्या सेवा केंद्रात काळी खिडकी उघडून कॉम्प्युटरला हुकूम सोडणारा एकच माणूस होता, पोशेऱ्याचा तुषार. माउसनं दहा ठिकाणी टिचक्या मारत बसायचं ते बाकीच्यांनी. हा एक ओळ लिहायचा, एंटर दाबायचा आणि हात झटकून मोकळा व्हायचा. शेजारच्या खुर्चीवरचा हरेश त्याला इंजिनियर म्हणायचा. तुषार नको नको म्हणायचा आणि आतून खूश व्हायचा.

गेल्या महिन्यात टोकनाच्या चिठ्ठ्यांची सरमिसळ झाली. कोणती चिठ्ठी कोणत्या मशीनवरून निघाली तेच कळेना. मॅडम म्हणाल्या, मशीनला नावं द्या आणि ती चिठ्ठीखाली छापा. तुषारनं तीन मशीनना जव्हार, खोडाळा आणि सूर्यमाळ अशी नावं देऊन टाकली. राहिलं चौथं, सगळ्यात जुनं, अर्ध्या कामात झोपणारं.

"ह्याचं नाव सुकऱ्या ठेव," हरेश म्हणाला. "सोमवारी तो म्हातारा नव्हता का आला केवायसीला? तीन तास अंगठा दाबत बसला, पण ठसा एकदा उठला असेल तर शपथ. हेही तसंच, कितीही दाबा."

सगळे हसले. तुषारही हसला. सुकऱ्या त्याचा बाप होता.

हे केंद्रात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कामाला लागला त्याच दिवशी तुषारनं बापाला बजावून ठेवलं होतं, "तिकडे आलास तर मला हाक मारू नको. ओळख दाखवू नको." का, ते बापानं विचारलं नाही. पोरगं शिकलेलं, त्याला कळत असेल, एवढंच त्यानं धरलं. आयुष्यभर खडी फोडून ज्याच्या अंगठ्याच्या रेघा पुसून गेल्या, तो माणूस सोमवारी निमूट रांगेत उभा राहिला आणि पोटच्या पोराला विचारत राहिला, "साहेब, अजून एकदा दाबू?"

आणि आता त्याच पोरानं काळी खिडकी उघडली. रिनेम कॉम्प्युटर, मग न्यू नेम, मग बापाचं नाव, एकेक अक्षर करत इंग्रजीत. एंटर दाबायच्या आधी नको म्हणायला भरपूर वेळ होता. त्यानं एंटर दाबलं, मशीन पुन्हा चालू केलं आणि हरेशनं त्याच्या पाठीवर थाप मारली.

मग रोजचंच सुरू झालं. सुकऱ्या लटकला. सुकऱ्याला दे एक रट्टा. सुकऱ्याला भंगारात घाला आता. तुषार मान खाली घालून दुसऱ्याच कुणाचे फॉर्म भरत राहायचा. घरी बापासमोर भाकरी खाताना त्याला वर बघवेना. लाज वाटायची, पण लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटायची.

शेवटी एका सकाळी तो सगळ्यांच्या आधी आला. तीच काळी खिडकी, तोच हुकूम, पुढे नाव फक्त साधं, मशीन चार. मशीननं सांगितलं, बंद करून पुन्हा चालू केल्यावर नवं नाव लागेल. तेवढ्यात हरेश आला, पाठोपाठ गिऱ्हाईक आलं, आणि हरेशनं त्याच मशीनवर फॉर्म उघडला. "आता बंदबिंद करू नको हां, अर्धा भरलाय," तो म्हणाला. तुषारनं हात मागे घेतला.

नेमका त्याच दिवशी सुकऱ्या पुन्हा आला. अंगठा पुन्हा उठला नाही. हरेशनं चौथ्या मशीनवरून पुढच्या तारखेची चिठ्ठी काढून त्याच्या हातात दिली. दारातून निघताना सुकऱ्या तुषारला म्हणाला, "येतो साहेब."

थोड्या वेळानं तुषार चहाच्या निमित्तानं बाहेर पडला. बाप गावाकडे जाणाऱ्या जीपशेजारी उभा होता. एका हातात बँकेचं पासबुक, दुसऱ्या हातात चिठ्ठी. त्याला वाचता येत नव्हतं, पण पासबुकावरच्या आपल्या इंग्रजी नावाचा आकार त्याला पाठ होता. त्यानं तुषारला हाक मारली नाही. आजूबाजूला बघून नुसतं डोळ्यांनी बोलावलं.

"हा माझाच नाव हाय ना?" त्यानं चिठ्ठीच्या तळाशी बोट ठेवलं. "मशीनचा नाव खाली येतो, असा तो साहेब सांगत होता कोणाला."

तुषारनं मान डोलावली.

"मना वाटला, पोराला बापाची लाज वाटते. वाईट वाटला होता, खोटा कशाला बोलू. पण तोंडानं नाय सांगता आला तरी तू मशीनवर लिवलास." सुकऱ्याचे डोळे भरून आले होते. "तुझे आयेला दाखवतो. दुसऱ्या कोणाला नाय सांगत."

तुषारला खरं सांगायचं होतं. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात हरेश केंद्राच्या दारात येऊन ओरडला, "अरे इंजिनियर, सुकऱ्या परत मेला! ये, घाल लाथ त्याच्या पेकाटात!"

आतून हसण्याचा आवाज आला. सुकऱ्यानं आधी दाराकडे पाहिलं, मग चिठ्ठीकडे, मग पोराकडे. त्यानं चिठ्ठीची घडी घातली, पासबुकात ठेवली आणि पासबुक खिशात टाकलं.

"जा साहेब," तो म्हणाला. "बोलावतात तुला."

तो जीपमध्ये मागच्या बाजूला चढून बसला. जीप सुरू झाली तेव्हा कुठे तुषारचा आवाज फुटला.

"बा!" तो भर बाजारात ओरडला. "बा, थांब!"

हरेश दारात होता तसाच उभा राहिला. रस्त्यावरच्या माणसांनी वळून पाहिलं. सुकऱ्यानं मात्र मान वळवली नाही. मोखाड्यात ओळख दाखवायची नाही, असं त्याला सांगून ठेवलेलं होतं.