हात वर केला की ऐकू आलं

या, असे जवळ सरका. निरूपण सुरू व्हायला अजून अवकाश आहे, गाणारे आत्ता कुठे घसा ओला करतायत. तोवर एक गोष्ट सांगतो. मी जरा भिंतीकडे तोंड करून बोलेन, राग मानू नका. पहिल्या रांगेत त्या टोकाला निळी शाल पांघरून बसल्यात ना, त्या आमच्या वहिनी. गोष्ट त्यांचीच आहे आणि ती त्यांना कळता कामा नये.

"अगं, हा स्पीकर बघ, कसा पटकन बसला. जावयासारखा," शिडीवरून छतवाले म्हणाले आणि हसले.

शिडी धरून उभ्या असलेल्या वहिनींनी वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग त्याही हसल्या.

छतवाले म्हणजे वहिनींचे यजमान, आमच्या खालच्या मजल्यावरचे शेजारी. दुकानं, कचेऱ्या, हॉटेलं यांच्या छतात स्पीकर बसवायचे हाच त्यांचा जन्मभराचा धंदा, म्हणून अख्खी इमारत त्यांना छतवाले म्हणते. मूलबाळ नाही. नवरा वर, बायको खाली, मध्ये शिडी, असा संसार. त्या दिवशीचं काम होतं एका दवाखान्याच्या नव्या हॉलमध्ये. रोगी खुर्च्यांवर बसणार, आतून नाव पुकारलं जाणार, ज्याचं नाव त्याने उठायचं.

मॅनेजरबाईंनी आधीच बजावलं होतं, "छतात काही दिसायला नको. पण शेवटच्या खुर्चीपर्यंत नाव गेलं पाहिजे."

"म्हणजे देवासारखं," छतवाले म्हणाले. "दिसायचं नाही, पण हाक मात्र पोचायला हवी."

बाई हसल्या नाहीत. त्यांना काम हवं होतं.

अडचण अशी की खोट्या छताच्या वर जेमतेम वीतभर जागा. बाकी सगळी थंड हवेच्या नळांनी खाल्लेली. नेहमीचे डब्यासारखे खोल स्पीकर तिथे मावणार कुठून? चपटेच घ्यायला हवेत. छतवाल्यांनी दोन नमुने मागवले होते. एक ताटलीसारखा पातळ, हलका, भोकात ढकलला की खटकन बसणारा. दुसरा थोडा जाड आणि वजनाला भारी. तो बसवायचा तर एका हाताने वर रेटून धरायचा आणि दुसऱ्या हाताने आत चाचपडत स्क्रू पिळायचे. छतवाल्यांचा उजवा खांदा अलीकडे वर जाताना कुरकुरत असे. भारी नमुना बसवताना त्यांचं तोंड कडू झालं, आणि पातळ बसला तेव्हा जावयाचा विनोद सुचला.

आता निवड. ती त्यांच्या घरी कायम एकाच पद्धतीने व्हायची. छतवाले म्हणायचे, आपला आवाज आपल्याला डोक्यातून ऐकू येतो, तेव्हा स्पीकर दुसऱ्याच्या कानाने निवडावा. ते माइकवर बोलायचे आणि वहिनी हॉलभर फिरायच्या. शब्द स्वच्छ आला की हात वर. विरघळून आला की तळवा आडवा. बोलायचं वाक्यही ठरलेलं, लग्नानंतरच्या पहिल्या कामापासून तेच. "एक, दोन, तीन. दार डावीकडे आहे. ऐकू येतंय का?"

आणि चिडवणंही ठरलेलं. "कान आहे तोवर नोकरी. कान गेला की घरी बसवीन."

"बसवा की. मग शिडी कोण धरेल, तुमची आत्या?"

त्या दिवशी माइक उघड्या टेबलावर होता. भारी नमुन्यावर बोलून झालं, वहिनींनी हात अर्धाच वर केला. पातळ नमुन्यावर बोलले. वहिनी मागच्या भिंतीपर्यंत गेल्या, तिथून वळून टेबलाकडे पाहिलं आणि हात सरळ वर.

"नक्की?" छतवाल्यांनी विचारलं.

हात वरच.

तर पातळ ठरले. दोन दिवसांत हॉलभर बसले. छत असं गुळगुळीत झालं की मॅनेजरबाईंनी पहिल्यांदा "छान" म्हटलं.

पुढे काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. मागच्या रांगांना नाव कळत नाही, एकदा येऊन बघा. दोघं गेले. वहिनी पिशवी घेऊन हॉलमध्ये थांबल्या आणि बाई छतवाल्यांना आत घेऊन गेल्या.

"एक म्हातारे गृहस्थ तपासून घ्यायला आले होते, सोबत बायको," बाई म्हणाल्या. "मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. यांना मागच्या रांगेत जागा मिळाली. आम्ही तीनदा नाव घेतलं. कोणी उठलं नाही, म्हणून पुढचा रोगी घेतला. हॉल रिकामा झाल्यावर दोघं तसेच बसलेले दिसले. डॉक्टर तर निघून गेले होते."

"मग?"

"पुढच्या आठवड्यात ती बाई एकटीच आली. म्हणाली, आता यांचं नाव पुकारू नका, एवढंच सांगायला आले."

छतवाले माइकच्या टेबलाकडे निघाले.

मधल्या काळात माइकच्या टेबलाभोवती धुरकट काचेची खोली झाली होती. बाहेरून आतल्या माणसाची नुसती सावली दिसे. छतवाले आत जाऊन बसले. काचेच्या फटीतून त्यांना मागच्या रांगेशी उभ्या वहिनी दिसत होत्या. ते माइककडे वाकले. बटणावर बोट ठेवलं, पण अजून दाबलं नव्हतं.

वहिनींनी हात वर केला.

छतवाल्यांना वाटलं, चुकून झालं असेल. त्यांनी बटण दाबलं आणि ठरलेलं वाक्य सोडून भलतंच बोलले. "अगं, खाली बस. पाय दुखत असतील."

वहिनींनी हात वर केला. उभ्याच राहिल्या.

"तुझी आई आलीये बघ. दारात उभी आहे." आईला जाऊन किती वर्षं झाली होती.

हात वर. चेहऱ्यावर तेच हसू, काम नीट चाललंय असं सांगणारं.

मग त्यांच्या सगळं लक्षात आलं. विनोदावर उशिरा येणारं हसू. बोलताना तोंडाकडे लागलेले डोळे. पातळ नमुना वहिनींनी आवाजावरून निवडलाच नव्हता, नवऱ्याच्या तोंडावरून निवडला होता. खांदा दुखला नाही, म्हणून तो चांगला.

आणि आम्हाला तरी कुठे कळलं? वहिनी पूर्वी निरूपणाला खांबाला टेकून मागे बसायच्या, डोळे मिटून. मग हळूहळू पुढे आल्या आणि डोळे उघडे ठेवून गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघू लागल्या. आम्ही म्हटलं, भक्ती वाढली.

छतवाल्यांनी बटण सोडलं नाही. मान खाली घालून ते माइकमध्ये म्हणाले, "मी थट्टेत म्हणत होतो गं. तुला घरी बसवून मी काय करणार होतो? मला तर तुझ्याशिवाय पाणीसुद्धा सापडत नाही."

छतातल्या त्या पातळ ताटल्यांतून हे सगळं हॉलभर गेलं, गोधडीतून बोलल्यासारखं. खुर्च्यांवरची माणसं इकडेतिकडे पाहू लागली. मागच्या रांगेशी वहिनींचा हात वर होता.

मॅनेजरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "ताईंना ऐकू येत नाही का?"

"येतं," छतवाले म्हणाले. "तिला सगळं ऐकू येतं. स्पीकर निवडताना मीच चुकलो. बदलून देतो."

बाहेर आल्यावर वहिनींनी विचारलं, "काय झालं? मी तर हात वर केला होता. बरोबर आहेत ना?"

ते त्यांच्यासमोर उभे राहिले, तोंडावर उजेड येईल असे. सावकाश म्हणाले, "तुझं बरोबर होतं. माझ्या जोडणीत खोट राहिली. दुसरे लावायचे."

"ते जड? अहो, खांदा?"

"खांद्याचं काय एवढं."

भारी स्पीकर त्यांनी एकट्याने वर चढवले. शिडी वहिनींनी धरली. या खेपेला कोण ऐकतंय ते वहिनींना कळू नये म्हणून मॅनेजरबाई वर्तमानपत्र हातात धरून मागच्या रांगेत बसल्या, आणि शब्द स्वच्छ आला की पान उलटू लागल्या. वहिनी नेहमीसारख्या हॉलभर फिरल्या. छतवाले त्यांच्या हाताला मान डोलावत होते आणि नजर पानावर ठेवत होते. पुढे मला म्हणाले, एवढं ओझं मी शिडीवर कधी वाहिलं नव्हतं.

ते शेवटचं काम. खांदा गेला, असं त्यांनी घरी सांगितलं. खोटं नव्हतं तेही.

हे सगळं त्यांनी मला गच्चीवर सांगितलं. मी म्हटलं, "अहो, हल्ली कानाला लावायचं यंत्र मिळतं. वहिनींशी मोकळं बोला की."

त्यांनी कठड्यावर बोटांनी ताल धरला. मग म्हणाले, "यंत्र लावायचं तर आधी म्हणावं लागेल, तुला ऐकू येत नाही. ती हुशार आहे. लगेच विचारेल, कधीपासून? दवाखान्यात गेलो तेव्हापासून? स्पीकर का बदलले? मग त्या म्हाताऱ्यांपर्यंत पोचायला तिला किती वेळ लागेल?" आणि पुढे म्हणाले, "ते नाव माझ्या वाट्याला राहू दे. बाकी सगळं देवाने दोघांना मिळून दिलं, एवढं एक माझं एकट्याचं."

मी देवाचं नाव घेणारा माणूस, पण पुन्हा यंत्राचा विषय काढला नाही. वहिनींच्या मनात काय आहे ते कोणाला माहीत नाही. कदाचित त्यांना कळलेलं असेल आणि त्याही ते एकट्याच वाहत असतील. दोघं जेवतात, दोघं खिडकीशी बसतात. ते वहिनींकडे वळून बोलतात आणि वहिनी त्यांच्या ओठांकडे पाहतात. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, काय प्रेम आहे.

संध्याकाळी कधी त्यांच्या दारावरून जातो तेव्हा आतून आवाज येतो. वहिनी पाठमोऱ्या भांडी लावत असतात आणि छतवाले खुर्चीवरून म्हणत असतात, "एक, दोन, तीन. दार डावीकडे आहे. ऐकू येतंय का?" उत्तर येत नाही. ते पुन्हा विचारतात, त्याच आवाजात. वहिनी वळतात तेव्हा ते नुसते हसतात, आणि त्या हात वर करतात.

बघा, गाणारे उठले. आता आपणही समोर तोंड करू. एक मागणं आहे. कुठल्या हॉलमध्ये नाव पुकारलं आणि कोणी उठलं नाही, तर शेजारच्याच्या खांद्याला हात लावून विचारा. त्या म्हाताऱ्यांचं नाव मला माहीत नाही, त्यांना तसंच बिननावाचं आठवा. आणि आमच्या वहिनींनाही आठवा. फक्त त्यांच्यासमोर हे बोलू नका, अगदी हळूसुद्धा. त्या ओठ वाचतात.