साहेब पॅकिंगमध्ये

"मी हे करणार नाही," मी साहेबांना सांगितलं. एकदा नाही, तीनदा.

आमची कंपनी नळ बनवते. नळाचं काम कारखान्यात चालतं आणि माणसांचं माझ्या स्क्रीनवर. स्क्रीनच्या डाव्या बाजूला पिवळ्या फोल्डरांची उतरंड, प्रत्येक विभागाचा एक फोल्डर. माणूस ज्या फोल्डरात, त्या फोल्डरचे नियम त्याच्या कॉम्प्युटरला लागू.

साहेबांना पॅकिंगच्या एका कॉम्प्युटरवर अर्धवट सोडलेला पत्त्यांचा डाव दिसला होता. झालं! पॅकिंगचे सगळे कॉम्प्युटर, हात लागला नाही तर, एका मिनिटात बंद व्हायला हवेत. पुन्हा पासवर्ड टाकायचा, मगच चालू.

पॅकिंगच्या सुपरवायझरला सगळे आक्का म्हणतात. ती ऐकूनच वर आली होती, हातमोज्यांसकट.

"अहो साहेब, एक खोका भरायला चार मिनिटं लागतात. दर खोक्याला मोजे काढू, पासवर्ड टाकू, मोजे घालू? संध्याकाळपर्यंत नळ राहतील बाजूला, मोजेच भरून पाठवू गिऱ्हाइकाला."

"शिस्त लागेल," साहेब म्हणाले.

"कुणाला? मोज्यांना?"

आक्का गेली आणि साहेबांनी माझ्याकडे मोर्चा वळवला. मी चौथ्यांदा नाही म्हटलं, तेव्हा म्हणाले, "उठा. मीच करतो. चित्रं तर आहेत नुसती. माझा नातूसुद्धा करेल."

मी उठले. साहेब माझ्या खुर्चीत बसले, खुर्ची जरा कुरकुरली. एका चौकटीत पाचच्या जागी एक लिहिला, झालं काम. खरं तर तेव्हाच उठायचं. पण त्यांची नजर उतरंडीवर गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या.

"हे काय? पॅकिंग वर आणि व्यवस्थापन खाली?"

"अक्षरांच्या क्रमाने लागतात साहेब. प आधी येतो, व नंतर."

"कंपनी अक्षरांनी चालत नाही." त्यांनी 'व्यवस्थापन'चा फोल्डर माउसने पकडला, वर ओढत नेला आणि बरोब्बर 'पॅकिंग'च्या डोक्यावर सोडला.

स्क्रीनवर एक चौकट आली.

"साहेब, ते वाचा."

"तीस वर्षं न वाचता सह्या करतोय, काही अडलं नाही." त्यांनी 'हो' दाबलं. 'व्यवस्थापन' दिसेनासं झालं.

"कुठे गेलं?"

"पॅकिंगच्या आत."

"म्हणजे वरच ना?" म्हणत ते उठले. पाहुणे यायचे होते, मोठी ऑर्डर घेऊन. मी म्हणतच होते, "साहेब, आता पॅकिंगचे नियम तुम्हालाही..." पण दार आपटलं. मग मीही मागे न धावता माझ्या खुर्चीत परत बसले. चार वेळा नाही म्हणून दमले होते.

पुढचं मला चहावाल्याने सांगितलं. साहेबांनी पडद्यावर पहिला नळ दाखवला आणि बोलायला लागले. साहेबांचं पहिलं वाक्यच मिनिटभराचं असतं. स्क्रीन काळी. पासवर्ड. दुसरा नळ, पुन्हा काळी. पाहुण्यांपैकी एका बाईंनी विचारलं, "हा नळ असाच मधेमधे बंद पडतो का?" चौथ्या खेपेला साहेबांचा पासवर्ड तीनदा चुकला आणि खातंच बंद पडलं.

ते धावतच आले. तळपायाची आग मस्तकात म्हणजे काय, ते मी त्या दिवशी जवळून पाहिलं.

"मला बाहेर काढा!"

"कुठून साहेब?"

"पॅकिंगमधून!"

मागोमाग आक्काही आली. चहावाल्याने तिलाही कळवलं होतं, तो कुणाला उपाशी ठेवत नाही.

या वेळी मी खुर्ची सोडली नाही. "खातं आत्ता उघडते. पण आधी त्या एका मिनिटाची वीस करते. तुम्ही हो म्हणा."

"हे ब्लॅकमेल आहे."

"आहे."

"घरी पाठवीन तुम्हाला!"

"पाठवा. पाहुण्यांना सांगा, नवीन माणूस येईपर्यंत बसा."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. खालून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"करा वीस."

मी वीस केली, खातं उघडलं. साहेबांनी घाम पुसला. "आता माझा फोल्डर होता तिथे न्या."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही बाहेर पडलात की उद्या सकाळी पुन्हा एक मिनिट. आत आहात तोवर जो आकडा यांना, तोच तुम्हाला. म्हणून आतच राहा."

"अहो, मी मालक आहे!"

"असू दे की," आक्का म्हणाली. "आमच्यात मोठेपणा नसतो. या कधी खालीही."

साहेब पाहुण्यांकडे पळाले. ऑर्डर मिळाली म्हणतात. साहेबांनी सगळ्या नळांची कहाणी एका दमात सांगितली, स्क्रीन एकदाही काळी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मला ताकीदपत्र आलं. हाताने लिहिलेलं, कारण पॅकिंगला प्रिंटर वापरता येत नाही. उद्धटपणा, आज्ञाभंग, गैरवर्तन, तिन्ही शब्दांखाली दोन दोन रेघा. मी खाली लिहिलं, 'वाचलं. मान्य नाही. फोल्डर हलणार नाही.' सही केली आणि चहावाल्याच्या हाती परत पाठवलं, म्हणजे वाटेत सगळ्यांना वाचता आलं.