माझं तोंड बंद केलं तेव्हा

मित्रांनो, न्हाणीघराच्या भिंतीला टांगलेला पंचवीस लिटरचा जुना गीझर म्हणजे मी. गेला महिनाभर माझ्या जिवाला जराही स्वस्थता नव्हती.

मला या घरात आणलं आजोबांनी. ते बसच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. भिंतीला भोकं पाडून त्यांनी स्वतःच मला बसवलं आणि येईल त्याला सांगितलं, "माझ्या हातचं काम आहे, हलायचं नाही." मी हललोही नाही. त्यांच्या मुलाच्या लग्नाच्या पहाटे पाहुण्यांना पाणी मीच पुरवलं. नातीची पहिली आंघोळही माझ्याच पाण्याची. पण मला आतून साफ करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. पोटात क्षारांचे थर साचत गेले.

दोन वर्षांपूर्वी माझा सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकू लागला. आतला दाब वाढला की पाणी बाहेर सोडणं हे त्याचं काम. ठिबकून मी माझं दुखणंच सांगत होतो, पण आजोबांना ती कटकट वाटली. त्यांनी व्हॉल्व्हच्या तोंडावर टोपण गच्च आवळलं. तेव्हापासून पाणी तापू लागलं की मला धडकी भरायची. खाली नात बादलीत हात बुडवून खेळत असायची आणि मला ओरडता येत नव्हतं.

मग सूनबाईंनी विषय काढला. त्या नर्स आहेत. "ड्यूटीवरून दमून यायचं आणि पाणी तापायची वाट बघत बसायचं. बिनटाकीचा घेऊ या. नळ सोडला की गरम पाणी."

"आणि लाइट गेली तर?" आजोबा म्हणाले. "ह्याच्यात साठलेलं तरी असतं."

दोघांचंही खरं होतं, म्हणून मुलगा रोज नुसतं "बघू" म्हणायचा. त्या "बघू"ने माझा जीव टांगणीला लागला. मला भंगारात जायचं नव्हतं आणि तिथं राहण्याचीही भीती वाटत होती.

शेवटी जागा मोजायला प्लंबर आला. स्टुलावर चढला आणि थबकला. "हे टोपण कोणी लावलं? पाणी तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट बिघडला असता, तर टाकी फुटली असती हो!"

सूनबाईंनी नातीला जवळ ओढलं.

"मी लावलं," आजोबा म्हणाले. "काढ तो गीझर. आत्ता काढ. लाइट गेली तर गॅसवर पातेलं चढवू."

"बाबा, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत?" सूनबाई हळूच म्हणाल्या. आजोबांनी स्वतःच जाऊन माझं बटण बंद केलं.

आता मी गॅलरीत भंगारवाल्याची वाट बघत पडलो आहे. मित्रांनो, घरातल्या यंत्राकडे वर्षातून एकदा तरी जाणकाराला बघायला सांगा. आम्हाला बोलता येत नाही.

आज नव्या गीझरचं पहिलं पाणी आलं, ते मी इथूनच पाहिलं. नातीला आंघोळीला न्यायच्या आधी आजोबांनी नळाखाली हात धरला. आपल्या कामाला कधी कुणाला हात लावू न देणारे ते, पण त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, जरा तूही बघ गं. माझ्या एकट्याच्या अंदाजावर नको."